चवीचा रकाना

सरकारी कागदावर स्वतःच्या हाताने रेघ मारायची नसते, हे मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकलो. छापील रकाने जेवढे असतील तेवढीच माहिती सरकारला हवी असते. जास्त दिली तर सरकार गोंधळते. वाकोडे ओव्हरसिअर मात्र विहिरीच्या प्रत्येक पूर्णत्वाच्या दाखल्यावर पट्टी ठेवून लाल पेन्सिलीने एक जादा रेघ मारत. त्या रेघेने 'शेरा' या रकान्याचे दोन भाग होत. डावीकडच्या भागावर ते बारीक अक्षरात लिहीत : 'चव'.

म्हणजे खोली, व्यास, विटांचे बांधकाम, कठडा, पाण्याची उंची, आणि चव.

असा पहिला दाखला माझ्या टेबलावर आला तेव्हा मी विचारले, "वाकोडे, ही विहीर आहे की वांग्याची भाजी?"

"भाजी बिघडली तं माणूस एक टाइम उपाशी राह्यते, बाबूजी," ते म्हणाले. "हे बिघडलं तं रोजचं बिघडते."

"पण फॉर्ममध्ये चव नाही."

"नसनच. ज्यानं फॉर्म छापला त्याच्या घरी नळ असन."

तेव्हा महाराष्ट्र नवा होता आणि जिल्हा परिषदा त्याहून नव्या होत्या. आमच्या पंचायत समितीच्या इमारतीचा चुना अजून हाताला लागत असे. ज्या वस्त्यांना पाणी नाही, त्यांना पिण्याच्या पाण्याची विहीर द्यायची अशी योजना आली होती आणि मार्चअखेरपर्यंत ठरलेल्या विहिरी 'पूर्ण' व्हायच्या होत्या. योजना चांगली होती. चांगली नाही अशी योजना मी सबंध नोकरीत पाहिली नाही. अडचण एवढीच, की आमचा अर्धा तालुका पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथे साठ-सत्तर हात खणले की पाणी लागते, भरपूर लागते, आणि ते खारे असते. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पिऊन तहान भागण्याऐवजी वाढते. सरकारच्या लेखी मात्र पाणी लागले की विहीर झाली.

वाकोडे उंच, वाळके, किंचित पोक काढून चालणारे होते. सायकलच्या दांडीला कापडी पिशवी अडकवलेली असे. तिच्यात मोजमापाची फीत, लाल पेन्सिल, भाकरी आणि रुमालात गुंडाळलेला एक पितळी पेला. विहिरीवर गेले की ते आधी तो पेला काढत. पाणी तोंडात घेत आणि लगेच गिळत नसत. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते तिकडे बघत काही क्षण उभे राहत. मग गिळत. मी एकदा त्यांना विचारले की चव तर जिभेला कळते, मग थुंकून का टाकत नाही?

"लोकं कुठी थुंकतात, बाबूजी? ते पेतात."

ते दक्षिणेकडचे, लोणारजवळच्या सुलतानपूरचे. घरचा भाजीपाल्याचा मळा होता. लोणारचे तळे किती खारे ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच तळ्याच्या कडेला गोड्या पाण्याची धार पडते, आणि लहानपणी वाकोड्यांनी ती ओंजळीने प्यायली होती. तेव्हापासून त्यांची एक समजूत झाली होती, की खारे पाणी जिथे आहे तिथून गोडे फार लांब नसते, फक्त कोणीतरी ते आणायला हवे. खात्यातल्या भूगर्भवाल्यांना ही समजूत हास्यास्पद वाटे. मला तेव्हा त्यांच्या बाकीच्या सवयींइतकीच ती निरुपद्रवी वाटली.

त्यांचे एक वाक्य तालुकाभर माहीत होते. खारपाणपट्ट्यात कोणाच्याही घरी जा, दोन भांडी दिसतील. एक मोठा रांजण, विहिरीच्या खाऱ्या पाण्याचा, तो घरच्यांसाठी. आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेले लहान मडके, डोंगराच्या पायथ्याहून किंवा नदीतल्या झिऱ्यावरून आणलेल्या गोड्या पाण्याचे, ते पाहुण्यांसाठी. घरातल्या तापलेल्या लेकराला त्यातले मिळेल न मिळेल, पण दारात आलेल्या परक्या माणसाला खारे पाणी द्यायचे नाही. खारे पाणी देणे म्हणजे त्याला दारातून हाकलणे. त्यामुळे आमचे सगळे साहेब लोक वर्षानुवर्षे या गावांत फिरत, पाणी पीत आणि 'पाण्याची फारशी तक्रार आढळली नाही' असे प्रामाणिकपणे लिहीत. एकटे वाकोडे उंबऱ्यात उभे राहून आपला पितळी पेला पुढे करत आणि म्हणत, "पाव्हन्याचं नोको, घरचं द्या."

बायकांना ते फार अवघड जाई. कोणी लाजत, कोणी रागावत. एका म्हातारीने तर त्यांना सुनावले होते, "काऊन रे बावा, आमाले भिकारी समजला का?"

टाकळी खारी हे गाव त्यांच्या नोकरीत शिरले ते असेच, एका उंबऱ्यातून. गावाच्या नावातच शेरा लिहिलेला होता, पण नाव वाचायची सरकारी पद्धत नाही. गावातले बैलगाडीवाले डोंगरपायथ्याहून पिंपे भरून पाणी आणत. गावाबाहेरच्या वस्तीत गाडी कोणाकडेच नव्हती. आमच्या कागदांत तिचे नाव 'हरिजन वस्ती'. तिथले लोक बौद्ध झाल्याला काही वर्षे लोटली होती आणि ते तिला बौद्धवाडा म्हणत. कागदाने धर्म बदलायला वेळ लागतो. तिथल्या बाया कोसभर चालून नदीच्या वाळूत झिरा उकरत आणि वाटीवाटीने घागर भरत. त्या वस्तीला विहीर मंजूर झाली, खणली, बांधली आणि नेहमीप्रमाणे पाणीही भरपूर लागले.

वाकोडे पेला घेऊन गेले. विहिरीसमोरच सुभद्राबाई नावाच्या मध्यमवयीन बाईचे घर होते. वस्तीत तिचा शब्द चाले. तिने रांजणातले नव्या विहिरीचे पाणी पेल्यात ओतले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. वाकोडे सातपुड्याकडे बघून प्याले.

"कसं हाये, भाऊ?"

"तुमाले माहीत नाही का?"

"मले माहीत हाये वो. तुमी काय लिहून राह्यले ते पुसतो."

वाकोड्यांनी लिहिले : 'चव – खारे. पिण्यास निरुपयोगी. डोंगरपायथ्याच्या नळयोजनेत गाव घ्यावे.' त्याच सुमारास पायथ्याचे गोडे पाणी नळाने खाली आणायची योजना निघाली होती आणि ज्या गावांत गोडे पाणी नाही त्यांची यादी मागवली होती. वाकोड्यांच्या जादा रकान्यामुळे टाकळीचे नाव तीत लागले. दाखल्यावरच्या रेघेला काही अर्थ असू शकतो, हे मला पहिल्यांदाच दिसले. वाकोड्यांनी ही बातमी वस्तीत जाऊन सांगितली. सुभद्राबाईने विचारले, "नळ आमच्याबी इकडे येईन, का गावातच राहीन?" वाकोडे म्हणाले, "येईन." असे ठाम सांगायची पद्धत आमच्या खात्यात नाही.

त्यानंतर मंत्री आले.

राज्याचे एक मंत्री दौऱ्यावर होते आणि त्यांच्या हस्ते एखाद्या विहिरीचे उद्घाटन व्हावे असे ठरले. टाकळीची विहीर सडकेपासून जवळ आणि कठडा नवा, म्हणून ती निवडली गेली. वाकोड्यांनी साहेबांना, म्हणजे आमच्या गटविकास अधिकाऱ्यांना, सांगितले की या विहिरीचे पाणी खारे आहे. साहेब म्हणाले, "उद्घाटन विहिरीचं आहे वाकोडे, पाण्याचं नाही."

सडकेवर आंब्याच्या पानांची कमान, लाउडस्पीकर, बँडवाले, लाल कापडाचा मंडप. 'हरिजन विहीर' अशी पाटी होती. वस्तीतल्या तरुणांनी आदल्या दिवशी ती बदला म्हणून सांगितले होते, पण नवी रंगवायला वेळ नव्हता. कार्यक्रमपत्रिका माझ्या अक्षरात होती. तीत एक कलम होते : 'वस्तीतील भगिनीच्या हस्ते मंत्रिमहोदयांचे जलप्राशन.' ही कल्पना साहेबांची. फोटोग्राफर त्यासाठीच आणला होता.

ती भगिनी म्हणजे सुभद्राबाई. धुतलेले पातळ, डोईवर पदर, हातात घासून लख्ख केलेला पितळी तांब्या. वाकोडे मंडपाच्या कडेला हारांचे ताट धरून उभे होते आणि मी त्यांच्या शेजारी. तांब्या दिसताच ते ताठ झाले.

"बाबूजी, त्याच्यातलं पानी विहिरीचं नाही."

"मग कुठलं?"

"तिच्या पायाले पाहा."

तिच्या पायांना घोट्यापर्यंत नदीची ओली वाळू चिकटलेली होती. तांबडे फुटायच्या आत ती झिऱ्यावर जाऊन आली होती.

वाकोडे ताट घेऊन दोन पावले पुढे झाले आणि ओरडले, "घरचं द्या! सुभद्राबाई, घरचं द्या!" नेमका त्याच वेळी बँड सुरू झाला. पुढच्या रांगेतल्या एकाने मागे वळून त्यांना गप्प राहायची खूण केली. त्याला वाटले, कोणीतरी घोषणा देतोय. मंत्र्यांनी पेला तोंडाला लावला, तो पूर्ण रिकामा केला, जे मला आजही त्यांच्या बाजूने नोंदवावेसे वाटते, आणि लाउडस्पीकरवर म्हणाले, "अमृत आहे, अमृत!"

टाळ्या पडल्या. सुभद्राबाईच्या चेहऱ्यावर जे होते ते मी नंतर कुठल्याही समारंभात पाहिले नाही.

अहवाल मी लिहिला. माझे मराठी बरे आहे असा कचेरीत समज होता आणि तो मी जपत असे. 'सदर विहिरीचे पाणी अमृततुल्य असल्याचे मंत्रिमहोदयांनी स्वतः प्राशन करून उद्गार काढले.' 'अमृततुल्य' हा शब्द लिहून झाल्यावर मी तो दोनदा वाचला होता, हेही आठवते. थट्टा म्हणून लिहिला होता. थट्टा कळेल असा एक तरी वाचक वर बसलेला असेल, अशी माझी त्या वयातली कल्पना.

दीड महिन्याने नळयोजनेची यादी परत आली. टाकळी खारीवर आडवी रेघ होती. समासात लिहिले होते : 'पाणी अमृततुल्य. अहवाल पाहावा.'

वाकोड्यांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. पिशवीतून पेला काढला, टाकळीचे पाणी बाटलीत होते ते त्यात ओतले आणि माझ्यासमोर सरकवला. मी म्हटले, "माझा घसा बसलाय, वाकोडे." त्यांनी ते स्वतः पिऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी ते वस्तीत गेले, मलाही बरोबर नेले. सुभद्राबाईला कळले होते. वाकोडे एवढेच म्हणाले, "बाई, त्या दिशी विहिरीचं द्याचं होतं."

ती म्हणाली, "भाऊ, माह्या बापाच्या जिंदगीत कोणी आमच्या हातचं पानी पेलं नाही. माह्या सासऱ्याच्या नाही. पयल्यांदा येवढा मोठा माणूस आला, साऱ्या गावासमोर आमच्या हातचं पेला. त्याले खारं पाजू? तुमीच सांगा."

निघताना तिने आम्हां दोघांना पाणी विचारले आणि मडक्याकडे वळली. वाकोड्यांनी त्या दिवशी आपले वाक्य म्हटले नाही. जे दिले ते प्याले.

पुढच्या महिन्यात समितीची मासिक सभा होती. सभापती, साहेब, सगळे सदस्य. चहा आला आणि पहिल्याच घोटाला सगळ्यांनी कप खाली ठेवले. दूध नासून वर तवंग आणि खाली चोथा, आणि चव अशी की एका सदस्याने "हे काय औषध हाये का बे?" म्हणून शिपायाला विचारले. शिपाई शेषराव हात जोडून म्हणाला, "पानी वाकोडेसायबानं आनून देलं जी."

वाकोडे उठले. "टाकळीच्या विहिरीचं हाये," म्हणाले आणि खाली बसले.

कारणे दाखवा नोटीस निघाली. तिला त्यांनी एका वाक्याचे उत्तर दिले : 'चहात वापरलेले पाणी मंत्रिमहोदयांनी प्राशन केलेल्या विहिरीचेच आहे.' यावर कारवाई करायची तर पाणी खारे आहे असे लिहावे लागले असते, आणि खारे नाही असे लिहायचे तर चहा कशाने नासला ते सांगावे लागले असते. साहेबांनी फाइल दोन आठवडे उशाशी ठेवली असावी. शेवटी वाकोड्यांची बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, 'प्रशासकीय सोयीस्तव'. सोय कोणाची ते लिहायला रकाना नसतो.

जाताना त्यांनी भाषण केले नाही. निरोपाचा हार घेतला आणि सायकलच्या दांडीला अडकवला. मी काहीतरी बोलायला हवे म्हणून म्हटले, "तो शब्द माझा होता, वाकोडे."

"माहीत हाये," ते म्हणाले. "शब्द चांगला हाये, बाबूजी. विहीर चांगली नाही."

त्यानंतर दर उन्हाळ्यात आणि दर दिवाळीनंतर टाकळीच्या पाण्याची एक बाटली माझ्या टेबलावर येऊ लागली. वाकोडे सुटीच्या दिवशी एस.टी.ने टाकळीला जात, घरचे पाणी मागून पीत, बाटली भरत आणि शेषरावच्या हाती पाठवत. बाटलीच्या गळ्याला दोऱ्याने दाखला बांधलेला, त्यावर लाल रेघ. आवकजावकमध्ये बाटली कशी नोंदवायची हा प्रश्न होता. मी 'एक संकीर्ण' असे लिहू लागलो. जुन्या बाटल्या कपाटावर उभ्या राहिल्या. पाणी आटत जाई आणि काचेवर पांढऱ्या क्षाराच्या रेघा उरत, एकीखाली एक. दाखले मी फाइलला लावत असे. वाचत कोणी नसे. साहेब बदलले, सभापती बदलले, मंत्रीही बदलले. टाकळीच्या बाया झिरा उकरत राहिल्या.

शेवटी काम झाले ते अर्जाने नव्हे. एका वैशाखात नवे साहेब रुजू झाले, परजिल्ह्यातले, तरुण. दौऱ्याहून घामाघूम आले, आपल्या टेबलावरची बाटली उचलली आणि एका दमात अर्धी घशात ओतली. पुढची पाच मिनिटे फारच अवघड गेली. मग त्यांनी बाटलीच्या गळ्याचा दाखला वाचला, कपाटावरच्या बाटल्या पाहिल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळी फाइल वाचून काढली. 'अमृततुल्य' या शब्दापाशी थांबून त्यांनी विचारले, "हे कोणी लिहिलं?" मी सांगितले. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितले आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवला. ती बाटली कपाटावरून टेबलावर कशी आली याची चौकशी झाली नाही.

टाकळीचे नाव पुन्हा यादीत लागले. यादीतून नळापर्यंत यायला आणखी काही पावसाळे गेले. तोवर वाकोडे निवृत्त झाले होते. त्यांच्या मूत्रपिंडांनी काम कमी केले होते. इतकी वर्षे इतक्या विहिरी चाखल्यावर दुसरे काय होणार, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. ते मी म्हणतो. डॉक्टरांनी दिवसाला पाण्याचे माप ठरवून दिले होते.

नळाच्या उद्घाटनाला मी गेलो, कारण तेव्हाही अहवाल मीच लिहायचा होता. पुन्हा कमान, पुन्हा बँड. वाकोड्यांना निमंत्रण नव्हते; यादीत माजी ओव्हरसिअरांसाठी कलम नसते. ते आपले आपण एस.टी.ने आले. पाय सुजलेले, चेहरा फिकट, हातात तीच पिशवी. मंडपाकडे न बघता ते सरळ बौद्धवाड्याकडे निघाले. मी भाषण सुरू झाल्याचा फायदा घेऊन त्यांच्या मागे गेलो.

नळ वस्तीत आला होता. अगदी शेवटच्या टोकाला, धार करंगळीएवढी, आणि दिवसाआड तासभर येणार असे ठरलेले. पण आला होता. सुभद्राबाई म्हातारी झाली होती. तिने ओळखले, घोंगडी टाकली, आत गेली.

"पाव्हन्याचं नोको," वाकोडे उंबऱ्यातून म्हणाले. आवाज पार बसला होता. "घरचं द्या."

आतून तिचे हसणे ऐकू आले. "मडकं पालथं घातलं, भाऊ. आता एकच रांजण हाये."

तिने पेला भरून आणला. वाकोड्यांनी सातपुड्याकडे बघत एक घोट तोंडात धरला. बराच वेळ धरला. गिळला. मग पेला माझ्याकडे केला. "माह्यं आजचं माप झालं. उरलेलं तुमी घ्या."

या खेपेस माझा घसा बसलेला नव्हता. मी प्यालो. त्यांनी पिशवीतून एक छापील दाखला काढला, कुठल्या कपाटात जपून ठेवला होता कोण जाणे, गुडघ्यावर पट्टी ठेवून लाल रेघ मारली आणि पेन्सिल मला दिली.

"लिहा. तुमचं मराठी चांगलं हाये."

मी लिहिले : 'गोड.'

त्यांनी कागद लांब धरून वाचला. "येवढंच?"

"एवढंच."

त्यांनी मान हलवली, कागदाची घडी सुभद्राबाईच्या हातात दिली, रिकामा पेला रुमालात गुंडाळला आणि दुपारच्या गाडीसाठी सडकेकडे चालू लागले. मी मंडपाशी पोहोचलो तेव्हा जळगाव जामोदकडून येणारी गाडी कमानीखाली थांबली होती. मंडपात लाउडस्पीकरवर कोणीतरी कोणाचे तरी आभार मानत होते. वाकोडे खिडकीशी बसले होते, पिशवी मांडीवर, डोळे मिटलेले, ओठ घट्ट मिटलेले. तोंडात अजून काहीतरी धरून ठेवलेले असावे तसे.